परवानगी देतानाच पाणी-विजेचा शब्द द्या

लातूर, नांदेड, परभणी, जालना, बीड, कुठल्याही शहराच्या बायपासने जा. रंगरंगोटी झालेली, शटर बसलेली, पाट्यांसाठी लोखंडी चौकटीही ठोकून तयार असलेली एखादी तरी व्यापारी इमारत कुलूपबंद दिसते. बघणाऱ्याला वाटतं, मंदी असेल, भाडेकरू मिळत नसेल. पुष्कळदा कारण वेगळंच असतं. भाडेकरू ठरलेला असतो, त्याने इसारही दिलेला असतो. पण इमारतीला वीज मिळालेली नसते, किंवा नळ मिळालेला नसतो, किंवा भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत वापरायला योग्य असल्याच्या पालिकेच्या दाखल्याची, फाईल त्रुटीचा शेरा मारून कुठल्यातरी टेबलावर पडलेली असते.

नकाशे काढणं, फायली दाखल करणं आणि त्यांच्यामागे फिरणं हाच माझा व्यवसाय आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. नवीन व्यापारी इमारतीला परवानगी देतानाच तिला वीज, पाणी आणि सांडपाण्याची वाट कुठून, किती आणि कोणत्या तारखेपर्यंत मिळेल हे शासनयंत्रणेने लिहून दिलं पाहिजे. देता येत नसेल तर त्याच वेळी कारणासह नाही म्हणावं. इमारत उभी राहिल्यावर नाही म्हणण्याचा अधिकार कुणालाच नसावा.

आज काय होतं ते सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज जातो. नगररचना विभाग नकाशा तपासतो. चटई क्षेत्र, सामासिक अंतरं, पार्किंग, जिन्याची रुंदी, उंची, सगळं मोजून पाहिलं जातं. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि थोडे अपवाद सोडले तर राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि ती सुधारणा खरोखर चांगली झाली. पूर्वी लातूरचा नियम नांदेडला चालत नसे आणि नांदेडचा परभणीला. आता अर्ज ऑनलाइन जातो, चलन ऑनलाइन निघतं, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रही संगणकावरून छापता येतं.

पण त्या अख्ख्या फायलीत एक प्रश्न कुणीच विचारत नाही. भूखंडाच्या आतलं सगळं नकाशावर दाखवावं लागतं. पाण्याची टाकी दाखवा, सेप्टिक टँक दाखवा, शोषखड्डा दाखवा. कुंपणाच्या बाहेर काय आहे? गल्लीतल्या डीपीवर, म्हणजे विजेच्या रोहित्रावर, किती लोड शिल्लक आहे? रस्त्यातली जलवाहिनी किती इंची आहे आणि तिच्यात आठवड्यातून किती वेळा पाणी येतं? भुयारी गटार कुठल्या चौकात संपलं आहे? याची उत्तरं ज्यांच्याकडे आहेत त्या कार्यालयांना नकाशा मंजूर होईपर्यंत इमारतीचा पत्ताही नसतो.

याचा परिणाम एका उदाहरणाने कळेल. आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याची जमीन महामार्गात गेली. मी त्यांना मामा म्हणतो. मावेजा आला, त्यातून मामांनी शहरात मोक्याचा भूखंड घेतला आणि उरलेल्या पैशात बँकेचं कर्ज घालून तीन मजली इमारत बांधली. खाली गाळे, पहिल्या मजल्यावर तपासणी प्रयोगशाळा आणि दवाखाना, वर हॉल. परवानगी रीतसर, जोता तपासणी रीतसर, एक वीट नकाशाबाहेर नाही. इमारत पूर्ण झाली आणि वीजजोडणीचा अर्ज केला. लिफ्ट, एसी, प्रयोगशाळेतली यंत्रं धरून लोड बराच होता. पाहणी झाली आणि उत्तर आलं की गल्लीतली डीपी आधीच भरलेली आहे, नवीन रोहित्र बसवावं लागेल आणि त्यासाठी जागा तुमच्याच भूखंडात द्यावी लागेल.

जागा होती ती फक्त समोरच्या मोकळ्या भागात. तो भाग मंजूर नकाशात पार्किंग म्हणून दाखवलेला. रोहित्र तिथे बसवायचं तर दोन गाड्यांची जागा जाते, म्हणजे नकाशा सुधारून पुन्हा मंजूर करून घ्यायचा. सुधारित नकाशा म्हटला की पुन्हा शुल्क, पुन्हा छाननी आणि अग्निशमनच्या ना-हरकतीलाही हात लागतो, कारण बंब उभा राहायची जागा बदलते. एवढ्यात लक्षात आलं की गटाराची लाइन दोन गल्ल्या अलीकडेच संपत असल्यामुळे सेप्टिक टँक नेमका त्याच पार्किंगखाली बांधलेला आहे. रोहित्राचा पाया त्याच्यावर घेता येत नाही. टँक हलवायचा तर फरशी फोडा. एका कार्यालयातून दुसऱ्यात आणि तिथून पुन्हा पहिल्यात असं मामांचं सुरू झालं. कुणी लाच मागितली नाही, कुणी उद्धटपणे बोललंही नाही. वीज कार्यालयातला अभियंता मनापासून म्हणाला, "मामा, तुम्ही जागा दाखवा, मी उद्या डीपी उभी करतो." पालिकेतला म्हणाला, "नकाशात नाही ते मी कसं चालवून घेऊ?" दोघांचंही त्यांच्या त्यांच्या नियमाप्रमाणे बरोबर होतं.

बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. साठ लाखांच्या कर्जावर दहा टक्के व्याज धरलं तर महिन्याला पन्नास हजार रुपये नुसत्या व्याजाचे होतात. शेवटी प्रयोगशाळावाल्याने इसार परत मागितला आणि तो पुढच्या चौकातल्या इमारतीत गेला. त्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही, परवानगी निवासी वापराची आहे आणि मीटर घरगुती म्हणून घेतलेले आहेत. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. कायद्याने चालणारा माणूस व्याज भरत बसतो आणि न चालणाऱ्याचं दुकान पहिल्या महिन्यापासून चालू होतं. हे बघून शेजारचा भूखंडवाला काय शिकेल?

आता हा प्रश्न जास्त टोकाचा झाला आहे, कारण १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेरठमधल्या अनधिकृत बांधकामांच्या प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. बांधकाम पूर्णत्वाचं किंवा भोगवटा प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय वीज, पाणी, सांडपाण्याची कायम जोडणी देऊ नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. अनधिकृत इमारतीत व्यवसायाचा परवाना देऊ नये, असंही म्हटलं आहे. मला हा निकाल मान्य आहे. अनधिकृत इमारतीला आधी मीटर द्यायचं आणि मग तिथे माणसं राहतात म्हणून ती नियमित करायची, ही आपल्याकडची जुनी वाट आहे. छत्रपती संभाजीनगरच्या गुंठेवारी वसाहती, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरच्या वस्त्या बघा. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली, तरी अजून तोच विषय चालू आहे.

पण निकालाने फक्त एक बाजू बांधली आहे. भोगवट्याशिवाय जोडणी नाही हे ठरलं. भोगवटा कधी मिळणार आणि भोगवटा मिळाल्यावर जोडणी किती दिवसांत येणार, ही दुसरी बाजू सैलच राहिली. पूर्वी निदान मागे लागून जोडणीचं काम आधी सुरू करता यायचं. आता पालिकेचं टेबल अडलं की वीज अडते, आणि भोगवटा हातात आल्यावर डीपी भरल्याचं कळलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नागरिकावर अट घातली असेल तर यंत्रणेवर तारीख घातलीच पाहिजे.

तारखा नाहीत असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. कागदावर तारखा पुष्कळ आहेत. नगररचना कायद्याच्या कलम ४५ मध्ये ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद आहे. विद्युत कायदा, २००३ चं कलम ४३ अर्जापासून एका महिन्यात वीज द्या म्हणतं आणि उशीर झाल्यास दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची सोय करतं. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती होऊन मुदत आणखी कमी झाली. महानगरात ३ दिवस, नगरपालिका क्षेत्रात ७ दिवस, ग्रामीण भागात १५ दिवस.

मग अडतं कुठे? अडतं ते अपवादात. वीजवाहिनीचा विस्तार करावा लागत असेल किंवा नवं उपकेंद्र, रोहित्र लागत असेल तर हे दिवस लागू होत नाहीत. पुण्या-मुंबईच्या भरवस्तीत जाळं आधीच दाट आहे, तिथे अपवाद हा अपवादच राहतो. आमच्याकडे शहरं ज्या बाजूने वाढतात त्या बाजूला जाळंच नसतं. तिथे प्रत्येक मोठा अर्ज विस्ताराचाच अर्ज असतो. म्हणजे ज्या माणसासाठी मुदतीचा नियम केला त्याच्याच वाट्याला तो येत नाही. मग एक पर्याय पुढे केला जातो. सगळा खर्च तुम्ही करा, परवानाधारक ठेकेदाराकडून वाहिनी ओढून घ्या, आणि आम्हाला १.३ टक्के देखरेख शुल्क भरा. घाईला आलेला माणूस ते करतोही. खांब त्याचे, तार त्याची, रोहित्र त्याचं. पुढच्या वर्षी त्याच वाहिनीच्या आसपास आणखी इमारती येणार हे सगळ्यांना दिसत असतं, पण पहिल्या आलेल्याने भार उचलायचा.

मुदत उलटल्यावर मिळाली असं मानायच्या परवानगीचंही तसंच. ६० दिवस उलटले म्हणून बांधकाम सुरू केलेला माणूस मी तरी पाहिला नाही. बँकेच्या वकिलाला सहीशिक्क्याचा कागद लागतो. आणि लोकसेवा हक्क कायदा, २०१५? त्यात विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे, दोन अपिलं आहेत, वर आयोग आहे. कायदा चांगला आहे. पण अपील करायचं ते कुणाविरुद्ध? ज्याच्याकडे उद्या नळजोडणीला जायचं आहे, परवा रस्ता खोदाईच्या परवानगीला, तेरवा कर आकारणीला. गाळेवाल्याला पुढची तीस वर्षं त्याच शहरात काढायची असतात. तक्रार केली तरच दंड, अशी रचना असेल तर तक्रार होणारच नाही. ऑनलाइन प्रणालीला अर्ज कोणत्या दिवशी कुणाच्या खात्यात गेला हे माहीत असतं. मुदत संपली की दंड आपोआप लागला पाहिजे आणि तो अर्जदाराच्या शुल्कातून वजा झाला पाहिजे. अर्जदाराने बोट दाखवायची गरजच पडू नये.

व्यवसायसुलभतेचे आकडे आपल्याला फार ऐकवले गेले. जागतिक बँकेच्या यादीत भारत १४२ वरून ६३ वर आला, २०२० च्या अहवालात बांधकाम परवान्यांत २७ वा आणि वीजजोडणीत २२ वा ठरला. ती मोजणी भारतापुरती मुंबई आणि दिल्ली या दोनच शहरांत होत होती. पुढे आकडेवारीतल्या गैरप्रकारांमुळे २०२१ मध्ये तो अहवालच बंद झाला. हिंगोलीच्या किंवा धाराशिवच्या गाळेवाल्याला तो आकडा कधीच लागू नव्हता, तरी धोरण ठरवणाऱ्यांच्या मनात मात्र प्रश्न सुटल्याची भावना राहून गेली.

हे काम मराठवाड्यात होऊ शकत नाही, असंही नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांवर ऑरिक ही औद्योगिक नगरी वसवली आहे. तिथे आधी रस्ते, भूमिगत वीजवाहिन्या, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या झाल्या आणि मग भूखंड दिले गेले. परवानगी देणारी यंत्रणाही तीच. एमआयडीसीतही नकाशा मंजूर करणारी आणि पाणी देणारी संस्था एकच असते, म्हणून तिथे दोन खात्यांत नाही, तर एका खात्याच्या दोन टेबलांत बोलणं व्हावं लागतं. मोठ्या उद्योगाला हे मिळतं याचं मला वाईट वाटत नाही, तो यावा म्हणून ते करावंच लागतं. पण शहरातला दवाखाना, कोचिंग क्लास, गॅरेज, बियाण्यांचं दुकान, मंगल कार्यालय, हेही रोजगार देतात. त्यांच्यासाठी आधी वाहिनी मग भूखंड हे शक्य नसेल, कारण भूखंड आधीच पाडून झालेले आहेत. निदान आधी वाहिनीचं उत्तर आणि मग नकाशा, एवढं तरी शक्य आहे.

पाण्याच्या बाबतीत तर हे उत्तर आधी मागणं मराठवाड्यात सक्तीचंच हवं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, कारण मांजरा धरण कोरडं पडलं होतं. जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय पन्नास किलोमीटरच्या आत असूनही छत्रपती संभाजीनगरचे नळ वर्षानुवर्षं काही दिवसांआडच चालले. नवी पाणीयोजना १६८० कोटींची होती, ती २७४० कोटींवर गेली. अशा शहरात शंभर खोल्यांचं हॉटेल किंवा मोठं रुग्णालय मंजूर करताना पाणी कुठून येणार हा पहिला प्रश्न असायला हवा. तो विचारला जात नाही, म्हणून प्रत्येक इमारत आपला बोअर पाडते, आणि तो आटला की टँकर येतो. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीतून उपसलं जातं हे विचारायला कुणी जात नाही.

आणखी एक अडचण खास आपल्या भागाची आहे आणि ती वर बसलेल्यांना पटकन कळत नाही. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे जमिनीच्या मालकीचा माग काढताना खासरा पत्रक काढावं लागतं, जुन्या उर्दूतल्या नोंदी वाचणारा शोधावा लागतो, इनामाच्या आणि कुळाच्या जमिनीला हैदराबादचे वेगळे कायदे लागू असतात. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं दिसलं की फाईल थांबते. हे तपासायला नको असं मी म्हणत नाही. उलट मालकी नीट तपासली नाही तर पुढे गाळेधारकच बुडतात. पण ही तपासणी नगररचनेच्या टेबलावर प्रत्येक अर्जाला नव्याने का व्हावी? महसूल विभागाने शहरालगतच्या गटांची तपासणी एकदाच करून गटनिहाय यादी लावली तर निम्मा वेळ वाचेल.

आता आक्षेप. पालिकेतले अधिकारी सांगतात की माणसं नाहीत, एका अभियंत्याकडे तीन-तीन प्रभाग आहेत. हे खरं आहे आणि ती पदं भरलीच पाहिजेत. पण मामांच्या प्रकरणात माणसांची कमतरता आड आली नव्हती. तिथे प्रत्येक कार्यालयाने काम केलं, फक्त क्रम उलटा होता. पाहणी आधी झाली असती तर मी पहिल्याच नकाशात रोहित्राची जागा दाखवली असती आणि टँक मागे घेतला असता. पाच-सहा वेळा होणारी कामं एकदाच झाली असती तर माणसंही कमी लागली असती.

वीज कंपनीच्या बाजूने म्हटलं जातं की कागदावरच्या इमारतीसाठी आम्ही लोड राखून ठेवला आणि ती उभीच राहिली नाही तर? हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी परवानगीच्या वेळी अनामत घ्या. बांधकाम ठरलेल्या मुदतीत झालं नाही तर लोड सोडून द्या. बांधकाम परवानगी तरी कुठे कायमची असते, ती वर्षाची असते आणि वाढवून घ्यावी लागते. त्याच मुदतीला लोडही बांधता येईल.

पैशाचा मुद्दा उरतो. पालिका म्हणते, गटार न्यायला निधी नाही. पण परवानगी देताना विकास शुल्क घेतलं जातं, आणि व्यापारी बांधकामाला ते निवासी दराच्या दुप्पट असतं. हे शुल्क सार्वजनिक सोयींसाठीच आहे. दुप्पट शुल्क घेऊन पावती द्यायची आणि त्या रस्त्यावर गटार कधी येईल हे सांगायचं नाही, हे न्यायाचं नाही. कोणत्या रस्त्याचं किती शुल्क जमा झालं आणि त्यातून तिथे काय केलं हे पालिकेने दरवर्षी प्रसिद्ध करावं.

एका बाबतीत मला कुठलीही सूट नको आहे, ती म्हणजे आग. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खालच्या शिलाईच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली सात माणसं गेली. खाली दुकान वर घर ही आपल्याकडची नेहमीची रचना आहे. परवानग्या सोप्या करा म्हणणारे कधीकधी अग्निशमनची अट सैल करायला सांगतात. मी त्यांच्या बाजूचा नाही. जिन्याची रुंदी, बाहेर पडायचा दुसरा मार्ग, पंप आणि टाकी हे सगळं तपासाच. जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचा नियम आहे, तोही कडक पाळून घ्या. पण आगीचा पंप चालायला वीज लागते आणि टाकी भरायला पाणी लागतं. जोडणी लटकवून ठेवलेल्या इमारतीत भाडेकरू तात्पुरत्या मीटरवर, जनरेटरवर, शेजारून ओढलेल्या वायरवर काम सुरू करतो. जिन्याखालच्या मीटर बोर्डावर एकमेकांत गुंतलेल्या उघड्या वायरी मी पाहिल्या आहेत. विलंबसुद्धा आगीला निमंत्रण देतो, हे ना-हरकत देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

करायचं काय, ते अवघड नाही. नगरविकास विभागाने नियमावलीत एवढी दुरुस्ती करावी की व्यापारी इमारतीचा अर्ज ऑनलाइन दाखल झाला की तो त्याच दिवशी वीज, पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि अग्निशमन या चौघांकडेही जाईल. चौघांनी एकत्र एकच पाहणी करावी. रोहित्राची जागा, मीटरची खोली, नळाचा व्यास, गटाराचं चेंबर हे मंजूर नकाशावरच दाखवलेलं असावं. प्रारंभ प्रमाणपत्रावर जोडणीची तारीख छापलेली असावी. बांधकाम पूर्ण झाल्यावर भोगवट्यासाठी पुन्हा एकदाच एकत्र पाहणी व्हावी आणि भोगवटा हाती आल्याच्या आठवड्यात मीटर बसावं. ज्या रस्त्यावर पाणी देताच येत नाही तिथे अर्जदाराला पहिल्याच महिन्यात लेखी नकार मिळावा. नकार मिळालेला माणूस भूखंड विकून दुसरीकडे जाऊ शकतो. इमारत बांधून बसलेला जाऊ शकत नाही.

सगळीकडे एकदम होणार नसेल तर विभागातल्या पाच महापालिकांपैकी एकीत आणि तिच्याही एखाद्याच वाढत्या रस्त्यावर पुढच्या आर्थिक वर्षात करून पाहावं. तिथल्या प्रत्येक इमारतीला परवानगीपासून मीटरपर्यंत किती दिवस लागले ते पालिकेच्या संकेतस्थळावर महिन्याच्या महिन्याला लावावं. मामांची फाईल अजून सुधारित नकाशाच्या टप्प्यावर आहे. त्या रस्त्यावर आणखी चार भूखंडांचे नकाशे माझ्याकडे काढायला आले आहेत, आणि त्या चौघांनाही मी आधी वीज कार्यालयात जाऊन डीपीचं लेखी विचारून यायला सांगितलं आहे. तसं लिहून देण्याची तरतूदच नाही, असं उत्तर घेऊन दोघे परत आले.